तळहातावरचे आंतरजाल आणि सौंदडची वाट

नवे यंत्र आले की त्याच्या गुणांची चर्चा होते. ते ज्या वाटेवरून चालायचे त्या वाटेची चर्चा क्वचितच होते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आंतरजाल टेबलावरून उठून तळहातावर आले. या प्रवासात, केवळ आंतरजाल पाहण्यासाठी म्हणून हातात मावणारे एक वेगळे यंत्र करावे, असे प्रयत्न परदेशांत आणि आपल्या देशातही मोठ्या उमेदीने झाले. टेलिफोनापासून अलग असे ते यंत्र आज खेड्यात कोणाच्या हाती क्वचितच दिसते. ते का मागे पडले, आणि जाताना आपल्या उपयोगाचे काही बरोबर घेऊन तर गेले नाही ना, एवढाच प्रश्न आज आम्ही विचारासाठी घेतला आहे.

या विचाराचा आरंभ सौंदडपासून करणे आम्हांला योग्य वाटते. गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले हे धानाच्या मुलखातले गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग, जुन्या गणनेतला ६ आणि आताचा ५३, येथून जातो. गोंदिया-नागभीड-चांदा ही रेल्वेही येथून जाते. म्हणजे वाटांची उणीव या गावाला नव्हती. परंतु त्या रेल्वेची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी हा फाटा बांधला तो अडीच फूट रुंदीच्या अरुंद मापाचा. गोंदियावरून नागपूर आणि कोलकात्याकडे जाणारा हमरस्ता मात्र रुंद मापाचा. तेव्हा सौंदडला डब्यात चढलेले पोते दूरच्या पेठेस जायचे तर गोंदियास उतरवावे आणि दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. गाडी होती, रूळ होते. पण प्रत्येक नगाला एक जादा हमाली पडत होती. १९९० च्या दशकात हा मार्ग रुंद मापाचा झाला, तेव्हा कोठे ही चढउतार संपली. वेगळे माप म्हणजे वेगळी हमाली, हा धडा या रुळांनी दिलेला आहे. पुढील हकिगत याच धड्याच्या उजेडात पाहावी.

परदेशातले उदाहरण आधी घेऊ. फिनलंडच्या नोकिया कंपनीने २००५ साली ‘७७०’ नावाचे यंत्र काढले. त्याचा पडदा त्या काळच्या फोनांच्या मानाने चांगला रुंद, पान वाचण्यास सुखाचा. पण त्यात टेलिफोन नव्हता. घरातले वायफाय असेल तर ठीक. बाहेर पडल्यावर खिशातल्या दुसऱ्या फोनाशी त्याची गाठ बांधावी, तेव्हा ते चालावे. दोन यंत्रे, दोन विजेऱ्या. हीच गोंदियाची चढउतार! त्याच घराण्यात २००९ साली ‘एन ९००’ आले आणि त्यात टेलिफोन घातलेला होता. दरम्यान २००७ साली आयफोन आणि २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला होता. वेगळ्या यंत्राचा प्रश्न वादाने सुटला नाही. फोनाने ते यंत्र पोटात घेतले आणि प्रश्नच उरला नाही.

आपल्या देशातला प्रयत्न याहून आधीचा, आणि आमच्या मते विचाराने अधिक खोल होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि तेथील अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्यूटर’ नावाचा हातातला संगणक आखला. २००१ साली त्याचा नमुना लोकांपुढे आला. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचा संकल्प होता. खेड्यातल्या माणसास तीही झेपणार नाही, हे कर्त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी अशी योजना केली, की यंत्र गावात एक असावे आणि प्रत्येकाजवळ आपले एक कार्ड असावे. कार्ड घातले की यंत्र त्याचे. काढले की त्याचा व्यवहार त्याच्याबरोबर परत. अक्षरओळख नसलेल्यासाठी मजकूर भारतीय भाषांत बोलून दाखवण्याचीही योजना होती. ‘अमिडा’ या नावाने २००४ साली हे यंत्र विक्रीस आले. पण खप अपेक्षेच्या मानाने फारच थोडा झाला. तोवर मोबाईल फोन स्वस्त होत चालला होता. बोलण्याची गरज घरोघर होती. पाने पाहण्याची गरज अजून जागी व्हायची होती.

पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ ही स्वस्त पाटी दिल्लीत प्रसिद्ध केली. तीही पहिल्या रूपात वायफायवरच चालणारी. ज्या गावात वायफाय नाही तेथे आकाश हाती येऊनही वाट बंदच! दुसरी अडचण लिपीची. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते. तरी पुढे कित्येक वर्षे हातातल्या यंत्रांवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत. यंत्र आहे, पण ते आपल्या भाषेत मुके आहे, याहून मोठी थट्टा कोणती?

महाराष्ट्रातला एक प्रयोग येथे सांगितलाच पाहिजे. वारणानगरच्या सहकारी परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा उपक्रम सुरू झाला. नंतर असे आढळले, की गावातल्या संगणकावरून शेतकरी मुख्यतः आपल्या उसाचा हिशेबच विचारतो. तेव्हा त्यातल्या सात गावांत संगणकाऐवजी साध्या फोनावरच्या लघुसंदेशाने तेच काम करून पाहिले, आणि ते स्वस्तात झाले. तात्पर्य, गरज नेमकी असेल तर साधन साधे चालते. शिधावाटप दुकानातले अंगठ्याचे यंत्र आणि एस. टी. वाहकाचे तिकीटयंत्र ही स्वतंत्र यंत्रे टिकली, ती याच कारणाने: काम एक, आणि मालक संस्था.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली. २०१७ साली दीड हजार रुपयांच्या परतीच्या अनामतीवर बटणांचा, पण आंतरजाल दाखवणारा फोन आला. रूळ अखेर एका मापाचे झाले. मग कामेही त्या रुळावरून धावू लागली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र शेतकऱ्यानेच काढावयाचे. धान सरकारी केंद्रावर विकायचे तर सातबाऱ्यावर धानाची नोंद हवी. म्हणजे सौंदडच्या धानकऱ्यास तळहातावरचे आंतरजाल ही आता चैन उरली नाही. ते त्याच्या पोत्याचे परवानापत्र झाले.

आणि येथेच गेलेल्या यंत्राची आठवण होते. ज्याच्याजवळ फोन नाही त्याच्यासाठी एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ठेवलेली आहे. सोय चांगली. परंतु फोन पुतण्याचा, सांकेतिक अंक शेजाऱ्याच्या हाती, आणि जमीन विधवा काकूंची, असा हा व्यवहार होतो. काकूंच्या नावाने काय भरले गेले, हे काकूंना दिसत नाही. सिम्प्यूटरच्या कर्त्यांनी यंत्र सामाईक ठेवून व्यवहार मात्र ज्याचा त्याच्या मुठीत ठेवला होता. फोनाने यंत्र घेतले, कार्ड टाकून दिले. रुंद रूळ आले. पण पोत्यावरची मालकाची खूण मात्र पुसली गेली.

वेगळे यंत्र पुन्हा आणा, असे आमचे म्हणणे नाही. इतिहासाने तो निकाल दिला आहे. आमचे म्हणणे एवढेच, की सामाईक साधनात प्रत्येकाचा वेगळा खण असावा, हा विचार यंत्राबरोबर पुरण्याजोगा नव्हता. सरकारने तो नियमांत आणावा. तोवर गावच्या वाचनालयाने आणि ग्रामपंचायतीने एक काम पत्करावे: दुसऱ्याच्या फोनवर जे भरले गेले ते, ज्याचे त्याला, मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मगच शेवटचे बटण दाबू द्यावे. याला पैसा लागत नाही. सौंदडसारख्या गावात हे उद्या सकाळी सुरू होऊ शकते.