चहाच्या नफ्यातील वाटा : बेल्लमपल्ली आणि मुन्नार

पूर्वी आदिलाबाद आणि 2016 पासून मंचेरियाल जिल्ह्यात असलेले बेल्लमपल्ली हे सिंगरेणी कोळसा खाणींचे गाव. तेथे चहा पिकत नाही, फक्त प्यायला जातो. तरीही चहाच्या नफ्याचा विचार येथून सुरू करणे सोयीचे आहे. सिंगरेणी कंपनी 1999-2000 पासून नफ्याचा काही हिस्सा कामगारांना देत आली आहे. 2023-24 साठी हा हिस्सा 33 टक्के, म्हणजे 796 कोटी रुपये होता. मात्र त्या वर्षीचा निव्वळ नफा 4,701 कोटींचा होता. त्यातून विस्तारासाठी 2,289 कोटी वेगळे काढून उरलेल्या रकमेवर टक्के मोजले गेले. कामगार संघटनांचा आक्षेप नेमका यावर होता. वाटा किती, यापेक्षा तो कशातून मोजायचा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

चहातही हेच घडले आहे. आसाम कंपनी 1839 मध्ये स्थापन झाली आणि 1861 पासून कलकत्त्यात लिलाव होऊ लागले. लिलावात मिळणारी किंमत मळ्याची. त्यापुढे मिश्रण, पुडी आणि छाप यांची कमाई व्यापाऱ्याची. आज चहाच्या उत्पादनात चीननंतर भारताचा क्रमांक लागतो, आणि भारतातील सुमारे 80 टक्के चहा देशातच खपतो. म्हणजे पुडीची बाजारपेठ घरातच आहे.

केरळातील मुन्नारचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. टाटा टी कंपनीने 2000 मध्ये ब्रिटनची टेटली ही चहाविक्रीतील मोठी कंपनी विकत घेतली आणि 2005 मध्ये मुन्नारचे मळे कण्णन देवन हिल्स प्लँटेशन्स या नव्या कंपनीकडे सोपवले. या कंपनीचे बहुसंख्य भाग कामगार व कर्मचाऱ्यांकडे आले. ‘कण्णन देवन’ ही पुडीवरची छाप मात्र टाटांकडेच राहिली. मजूर मालक झाले खरे, पण ज्या टप्प्यावर नफा कमी, त्या टप्प्याचे.

सप्टेंबर 2015 मध्ये बोनस 10 टक्क्यांवर आला, तेव्हा पाने खुडणाऱ्या हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. प्रस्थापित संघटनांच्या पुढाऱ्यांना त्यांनी दूर ठेवले. तडजोडीत बोनस व सानुग्रह रक्कम मिळून 20 टक्के देण्याचे ठरले. त्यानंतरच्या लढ्यात दिवसाची मजुरी 232 रुपयांवरून 301 रुपये झाली. मागणी 500 रुपयांची होती.