फीत आणि तिचा वाचक

आमच्या विभागाच्या कपाटात तळहाताएवढ्या डबीतली एक चुंबकीय फीत आहे. डबीवर 'बोलीतील शब्द, १९९५' अशी नोंद आहे. ज्या वृद्धांकडून ते शब्द टिपून घेतले, त्यांपैकी आज कोणीही हयात नाही. फीत मात्र धड आहे. नाही ते ती वाचणारे यंत्र. हा प्रसंग आमच्या हलगर्जीपणाचा खराच. पण त्यामागे एक इतिहासही आहे.

संगणकातील मजकूर फितीवर नोंदवण्याची रीत जुनी. आयबीएमने १९५२ मध्ये अर्धा इंच रुंद फितीचे '७२६' हे यंत्र जाहीर केले. १९७२ मध्ये थ्रीएम कंपनीने पाव इंची फीत बंद डबीत बसवली. पुढे तिच्याच कुळातून वैयक्तिक संगणकासाठी क्यूआयसी-४० व क्यूआयसी-८० या लहान डब्या आल्या. नावातील आकडे मेगाबाइटचे. चाळीस मेगाबाइटच्या प्रतीसाठी १.४४ मेगाबाइटच्या अठ्ठावीस फ्लॉप्या लागत; तेथे एक डबी पुरे. ही यंत्रे फ्लॉपीच्याच कंट्रोलरला जोडली जात. म्हणून ती स्वस्त होती, आणि त्याच कारणाने संथही.

'जुळणारे यंत्र' निवडताना त्या काळी प्रत्यक्षात तीन जुळण्या पाहाव्या लागत: यंत्राची संगणकाशी, फितीची यंत्राशी आणि लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरची वाचणाऱ्या सॉफ्टवेअरशी. पहिली जुळणी ग्राहक दुकानातच विचारी. दुसरी नवी फीत आणताना ध्यानात येई. तिसरी मात्र मूळ मजकूर नष्ट झाल्यावरच कळे. विंडोज ९५ मधील बॅकअपची सोय फ्लॉपी कंट्रोलरवरील क्यूआयसी यंत्रे ओळखी, स्कझी जोडणीची ओळखत नसे. खोक्यावरील '२५० मेगाबाइट' हा आकडाही मजकूर दाबून निम्मा होईल, असे गृहीत धरून छापलेला असे. पुढे २००७ च्या विंडोज व्हिस्टामधील बॅकअपने तर फितीची साथच सोडली.

याचा अर्थ फीत संपली असा नव्हे. २०११ मध्ये जीमेलच्या काही ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली, तेव्हा ती फितींवरूनच परत आणली गेली. मोठ्या संस्थांसाठी २००० मध्ये एलटीओ ही फीत आली; पहिल्या पिढीची क्षमता १०० गिगाबाइट. मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचण्याचा शिरस्ता सातव्या पिढीपर्यंत टिकला. २०१७ च्या आठव्या पिढीने एकच मागली पिढी वाचली. २०२५ च्या दहाव्या पिढीची फीत ३० टेराबाइटची, पण तिचे यंत्र आधीची एकही फीत वाचत नाही.

आम्हां मराठीच्या अध्यापकांना हे दुःख अपरिचित नसावे. पुण्याच्या दफ्तरांतील मोडी कागद शाबूत आहेत. अडते ते वाचणाऱ्यापाशी. मोडी मात्र शिकता येते. बंद पडलेल्या यंत्राची विद्या अशी वर्गात शिकवता येत नाही.

यंत्राची निवड म्हणजे भावी वाचकाची निवड, हे आम्हांस उशिरा उमगले. आता विभागातील प्रत्येक प्रत वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून मुळाशी ताडून पाहतो. कपाटातली डबी आम्ही टाकलेली नाही. तिला जुळणारे यंत्र मिळेपर्यंत ते शब्द आमच्याजवळ आहेत, असे म्हणण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाही.