पायलट-चालित झडप
लहान झडपेच्या (पायलट) साहाय्याने प्रवाहाचाच दाब वापरून उघडणारी वा मिटणारी मोठी झडप. १० किग्रॅ./चौ. सेंमी. दाबाखालील ५० मिमी. व्यासाचे तोंड थेट उघडण्यास सुमारे १९६ किग्रॅ. बल लागते, २ मिमी. छिद्रास जेमतेम ०.३ किग्रॅ. पुरते. या फरकातून ही रचना निघाली.

धुलाईयंत्रातील पडदा-झडपेत कडेच्या बारीक छिद्रातून पाणी पडद्यावर साठते व त्याच्या दाबाने झडप मिटलेली राहते. विद्युत् प्रवाह सुरू होताच विद्युत् चुंबकाने ओढलेली दांडी पडद्याच्या मधले, किंचित मोठे छिद्र मोकळे करते. पाणी आत येते त्यापेक्षा वेगाने निसटते, वरचा दाब उतरतो आणि खालचे पाणी पडदा उचलते. मात्र दाब फारच कमी असल्यास झडप नीट उघडत नाही.

जल टरबाइनाचा गतिनियंत्रक हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. त्यात पायलट झडप मुख्य वितरण झडपेस, ती तेलदाबाने सर्व्होमोटरला आणि तो जलद्वारांना हलवितो (⟶ जल टरबाइन). द्रवीय दाबयंत्रे, बाष्पवाहिन्या व सुरक्षा झडपांतही हे तत्त्व वापरतात (⟶ झडप, द्रवीय यंत्रे).

पायलटचे छिद्र गाळाने चटकन तुंबते. म्हणून त्याआधी गाळणी बसवितात.