विंधन विहिरींचे अंदाजपत्रक

विकसनशील प्रदेशांत पाण्यासाठी विंधन विहीर घेण्यापूर्वी, भूजलशास्त्रीय पाहणीपासून हातपंपाच्या उभारणीपर्यंत होणाऱ्या एकंदर व्ययाची केलेली पूर्वगणना. यंत्राची ने-आण, पाहणी, पंप व चौथरा यांचा खर्च खोलीशी फारसा निगडित नसतो. वेधन, इंधन व आवरणनळ यांचा खर्च मात्र दर मीटरमागे वाढत जातो.

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग व्यापणाऱ्या दख्खनच्या बेसाल्टात, १९७२ च्या दुष्काळानंतर रूढ झालेल्या, संपीडित हवेवर चालणाऱ्या वेधनयंत्राने साधारणतः १५० मिमी. व्यासाचे छिद्र पाडले जाते आणि वरच्या मुरमाड थरापुरताच आवरणनळ पुरतो. गाळाच्या प्रदेशात संपूर्ण खोलीस नळ, जाळीनळ व खडीचे वेष्टन लागत असल्याने साहित्याची बाब जड होते. उपसहारा आफ्रिकेत यंत्रे अल्प, अंतरे दीर्घ आणि सुटे भाग बहुधा परदेशी असल्याने दर भारतापेक्षा चढे असतात. यंत्र लगतच्या गावांतून सलग फिरवल्यास वाहतुकीचा भार विभागला जातो.

कोरड्या विहिरींचा बोजा अंदाजात धरणे अगत्याचे असते : चारांपैकी तीनच वेधने यशस्वी होत असतील, तर प्रत्येक यशस्वी विहिरीवर वेधनखर्चाचा १.३३ पट भार पडतो. त्याशिवाय क्षमता-चाचणी, जलपरीक्षण, देखरेख आणि पुढील दुरुस्ती यांची तरतूद न करता केवळ दर मीटरच्या भावावर दिलेली मंजुरी अपुरी ठरते.