सर्व्हरांचा फेरफार

बरेच दिवस या विषयावर लिहायचं म्हणत होतो. ब्लॉग वाचणारी निम्मी मंडळी याच धंद्यातली आहेत, आणि उरलेली निम्मी आमच्या हिंगणीची, म्हणजे नात्यातली. एकाच लेखात दोघांना धरून ठेवायचं म्हणजे कसरतच आहे, पण बघू.

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि नाइट कॅपिटल नावाच्या एका बड्या दलाल कंपनीचे कॉम्प्युटर वेड लागल्यासारखे सौदे करू लागले. ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. तेव्हाच्या दराने अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास! पुढे तिथल्या बाजार नियामकाने चौकशी केली. कारण वाचून आमच्यासारख्यांच्या पोटात गोळा आला, कारण ते अगदीच साधं होतं. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरांवर चढवायचा होता. ते काम एका तंत्रज्ञाने हाताने केलं, सात झाले आणि आठवा राहिला. त्या आठव्यावर २००३ पासून न वापरलेला एक जुना कोड तसाच पडून होता, तो जागा झाला. दुसऱ्या कुणी ते काम तपासलं नव्हतं आणि तपासावं असा लेखी नियमही नव्हता. गडबडीत दुरुस्ती म्हणून उरलेल्या सातांवरचा नवा प्रोग्रॅम काढला, तर नुकसान आणखीच वाढलं. पुढच्याच वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

त्या काळात सगळीकडे असंच चालायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्याकडे एक दोनशे पानी वही होती. रात्री अकरानंतर दोघं बसायचे, एक वहीतली पायरी वाचायचा, दुसरा टाइप करायचा. पण खरी वही एका सीनियरच्या डोक्यात होती. कुठल्या सर्व्हरवर कुठली सेटिंग का आहे ते फक्त त्यांना माहीत. ते नोकरी सोडून गेले आणि पुढचे सहा महिने आम्ही एका मशीनला हात लावला नाही, भीतीपोटी. "चालू आहे ना, मग राहू दे" हा आमचा मूलमंत्र :)

यावरचा उपाय मात्र कधीच निघाला होता. ऑस्लोच्या विद्यापीठात मार्क बर्जेस नावाचा भौतिकशास्त्राचा माणूस होता. विद्यापीठातली निरनिराळ्या जातींची मशीन्स सांभाळून कंटाळला आणि १९९३ मध्ये त्याने सीएफइंजिन लिहिलं. त्याची कल्पना अशी की मशीनला पायऱ्या सांगायच्याच नाहीत, शेवटी ते कसं दिसायला हवं एवढंच लिहून ठेवायचं. फरक असेल तर ते आपणहून तिथपर्यंत येईल. आधीच तसं असेल तर काहीच करणार नाही. २००५ मध्ये ल्यूक केनिजने पपेट काढलं, त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं, ज्यात फाइलमधली प्रत्येक दुरुस्ती कुणी, कधी, कशासाठी केली ते कायमचं राहतं.

आणि २००६ मध्ये ॲमेझॉनने भाड्याने मशीन द्यायला सुरुवात केली. माझ्या मते खरा सांधा इथे बदलला. तोवर सर्व्हर म्हणजे ऑर्डर करायची, टेम्पोतून आणायची, स्क्रू पिळून बसवायची वस्तू होती. आता एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमला निरोप पाठवला की मशीन मिळायला लागलं. म्हणजेच मशीन ही 'लिहिण्याची' गोष्ट झाली. लिहिण्याची झाली म्हटल्यावर ती गिटमध्ये ठेवता येणार हे ओघानेच आलं. २०११ मध्ये ॲमेझॉनचं क्लाउडफॉर्मेशन आलं, २०१४ मध्ये हॅशिकॉर्पचं टेराफॉर्म. माझी पोळी आज त्यावरच भाजते.

आता हिंगणीकरांसाठी. काय करून राहिला तिथं पुण्यात, असं जे दर वेळी विचारता ना, त्याचं उत्तर एका शब्दात : फेरफार.

सातबाऱ्यावर थेट खाडाखोड कुणालाच करता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. (शहरी मित्रांनो, तुमच्यासाठी सांगतोय.) खरेदी झाली, वारस लागला, बोजा चढला, तर आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते. ती तलाठी करतो. आता त्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, आणि आमच्याकडची म्हातारी माणसं अजून पटवारीच म्हणतात, कारण १९५६ पर्यंत वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मग ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण ६अ मध्ये जातं. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच सातबारा बदलतो, आणि त्यावर फेरफाराचा नंबर पडतो. पन्नास वर्षांनीही तो नंबर धरून कुणीही मागे जाऊ शकतो. १९६६ च्या महसूल कायद्यात ही सगळी पद्धत लिहिलेली आहे.

आमची पाइपलाइन हुबेहूब अशीच चालते. किती सर्व्हर, कुठल्या जाळ्यात, कुणाला आत यायची मुभा, हे सगळं फाइलींमध्ये लिहिलेलं असतं आणि फाइली रिपॉझिटरीत. बदल हवा तर वेगळ्या फांदीवर लिहायचा आणि पुल रिक्वेस्ट टाकायची, ही झाली नमुना ६ मधली नोंद. पाइपलाइन लगेच 'प्लॅन' काढून दाखवते : तीन गोष्टी नव्या होतील, एक बदलेल, शून्य नष्ट होतील. सहकारी वाचतात, हरकती घेतात. (काही जण तर हरकतीसाठीच जन्मलेले असतात. असो.) मंजुरी मिळाली की मर्ज, आणि पुढचं सगळं पाइपलाइन करते. माणूस सर्व्हरला हात लावत नाही. सध्या काय आहे याची नोंद टेराफॉर्म एका वेगळ्या स्टेट फाइलमध्ये ठेवतं, तो आमचा सातबारा.

एक मोठा फरक आहे. तुमच्याकडे नोंद बदलली म्हणून धुरा हलत नाही. आमच्याकडे नोंद झाली की वावरच हलतं! प्लॅनमध्ये 'नष्ट होतील' समोर शून्याऐवजी चाळीस दिसले आणि वाचणाऱ्याने न बघता मंजूर केलं, तर चाळीस सर्व्हर खरोखरच जातात. म्हणून मी तरुण पोरांना तो एक आकडा आधी बघायला सांगतो, बाकीचं नंतर. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्याच एका माणसाने हाताने दिलेल्या कमांडमध्ये चूक झाली, हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले आणि अमेरिकेतल्या असंख्य साइट्स काही तास बंद राहिल्या. त्यांनी नंतर त्या साधनातच बदल केला : क्षमता हळूहळू काढायची आणि एका मर्यादेखाली काढूच द्यायची नाही.

आपल्याकडे हे सगळं जवळ आलं ते २०१६ च्या जूनमध्ये, ॲमेझॉनने मुंबईत केंद्र उघडलं तेव्हा. मायक्रोसॉफ्ट त्याआधी २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आलं होतं. तोवर ॲमेझॉनवर जायचं तर सर्वात जवळचं म्हणजे सिंगापूर. आणि १० जुलै २०१९ तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय : विश्वचषकाची उपांत्य फेरी, न्यूझीलंडविरुद्ध. मुंबईच्या स्टार इंडियाच्या हॉटस्टारवर त्या सामन्यात एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक होते. धोनी धावबाद झाला आणि लोकांनी धडाधड 'मागे'चं बटण दाबलं. सामना बघणं सोडून सगळे एकदम मुख्य पानावर! म्हणजे एका दाराची गर्दी क्षणात दुसऱ्या दारावर. त्यांच्या इंजिनिअरांनी नंतर सांगितलं की तयार मिळणारी आपोआप-वाढ अशा वेळी फार संथ पडते, म्हणून प्रेक्षकांच्या आकड्यानुसार आधीच मशीन्स वाढवणारी व्यवस्था त्यांनी स्वतः लिहिली होती. त्या क्षणी कुणाला वही उघडून पायरी क्रमांक सतरा वाचायला सांगा बरं!

आमच्या धंद्यात सगळ्यात भीती कशाची, तर 'ड्रिफ्ट'ची. कुणीतरी रात्री घाईत हातानेच सर्व्हरवर बदल करतो, फाइलीत लिहीत नाही. दिसायला सगळं ठीक. पण नोंद एक सांगते, जमीन दुसरं. पाइपलाइन पुढच्या वेळी चालते तेव्हा ती नोंदीलाच खरं मानते आणि तो बदल पुसून टाकते. मग दोनच वाटा : जमीन नोंदीसारखी करा, नाहीतर नोंद जमिनीसारखी.

हे लिहिताना बोरधरणाच्या रस्त्यावरचं आपलं वावर डोळ्यांसमोर येतंय. आजोबांनी चार भावांत तोंडी वाटणी करून दिली, धुरे घातले, विहीर दोघांत ठेवली. चाळीस वर्षं कुणी कुरकुर केली नाही. सातबाऱ्यावर मात्र चौघांची नावं अजून सामाईकच आहेत. त्या चौघांपैकी दोघं आज नाहीत, आणि कुठला धुरा कुणाचा हे नक्की सांगू शकणारे एकटे मोठे बाबा उरलेत, त्यांचं वय ८४. इथे दुसरीच वाट बरोबर आहे, नोंद जमिनीसारखी करायची. आधी दोघांच्या वारसांच्या नोंदी, त्यात काकू आणि दोन्ही आत्येबहिणींच्या आईचंही नाव हवंच, मग सगळ्यांच्या संमतीने सेलूला तहसीलदारांकडे कलम ८५ प्रमाणे वाटपाचा अर्ज. उतारे मी ऑनलाइन काढून ठेवलेत. नकाशा मात्र मोठ्या बाबांना खाटेवर बसवून, वावरात नेऊनच काढावा लागेल. कापूस निघाला की धुरे मोकळे दिसतील, तेव्हा करू. ज्याची हरकत असेल त्याने ती मोठे बाबा समोर असतानाच सांगावी.