इलेक्ट्रिक कारमध्ये स्टेपनी हवी की नको?

नव्या इलेक्ट्रिक कारची डिकी उघडून खालचं कव्हर उचललं, की बऱ्याच गाड्यांत स्टेपनीऐवजी एक बाटली आणि छोटा कंप्रेसर दिसतो. "एवढी लाखांची गाडी आणि स्टेपनीच नाही?" हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. मी राहतो रत्नागिरीजवळच्या पालीत. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरचा रस्ता इथेच फुटतो. त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे फक्त शोरूमपुरता राहत नाही.

स्टेपनी गेली कुठे?

आधी कायदा बघू. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा (टीपीएमएस) आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. म्हणजे कंपनी फसवत नाहीये. स्टेपनी काढली की बॅटरीसाठी आणि सामानासाठी जागा मिळते, वजन आणि खर्चही वाचतो. टेस्लाच्या मॉडेल वायमध्येही स्टेपनी येत नाही.

गंमत म्हणजे 'स्टेपनी' हे एका कंपनीचं नाव. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी ते विकायला काढलं. नाव आपल्याकडे टिकलं, चाक मात्र चाललंय!

किट काय करतं, काय नाही?

बाटलीतलं चिकट द्रव व्हॉल्व्हमधून टायरमध्ये जातं आणि भोक बुजवतं. खिळा, स्क्रू, तार यांच्यासाठी हे बरं. पण मर्यादा लक्षात ठेवा:

- भोक साधारण ६ मिमीपर्यंतच, आणि तेही रस्त्याला टेकणाऱ्या भागात.
- टायरची बाजू (साइडवॉल) फाटली किंवा खड्ड्यात रिम वाकली, तर किटचा उपयोग शून्य.
- बाटली एकदाच वापरता येते आणि तिला एक्स्पायरी असते. तारीख तपासा.
- नंतर वेग बाटलीवर लिहिलेल्या मर्यादेतच ठेवा, बहुतेकदा तो ताशी ८० किमी असतो. पंक्चर पक्कं काढून घ्या, आणि आत द्रव टाकलंय हे पंक्चरवाल्याला आधीच सांगा.

खिळा दिसला तर लगेच उपटू नका, हवा भसकन जाईल. हवा हळू जात असेल तर बाटली राखून ठेवा. नुसत्या कंप्रेसरने हवा भरून जवळचं दुकान गाठा.

इलेक्ट्रिक गाडीत वेगळं काय?

पहिलं, वजन. बॅटरीमुळे गाडी जड असते, त्यामुळे कमी हवेत खड्डा आदळला की टायरला मार जास्त बसतो. दुसरं, जॅक. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, म्हणून जॅक मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच लावायचा. तिसरं, टोइंग. मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करू लागते, त्यातून नुकसान होऊ शकतं. म्हणून चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवायची.

रेंज कमी होईल का?

चाक आणि टायर मिळून साधारण १५ ते २० किलो. १६०० किलोच्या गाडीत हे जेमतेम एक टक्का. ३०० किमी रेंज असेल तर फार तर तीनेक किमीचा फरक. त्यामुळे रेंजसाठी स्टेपनी सोडायची गरज नाही. खरा प्रश्न डिकीतल्या जागेचा आहे.

मग मी काय सांगतो?

रोजचं जाणं-येणं पाली ते रत्नागिरी, तेही दिवसा, असं असेल तर किट पुरतं. अंतर वीसेक किमीचं, मदत पोचू शकते. पण पावसाळ्यात रात्री आंबा घाटातून कोल्हापूरला जाणार असाल, तर मी स्टेपनी घ्याच म्हणेन. खड्ड्यात पाणी भरलं की त्याची कड दिसत नाही, आणि टायर बाजूने फाटतो तो तिथेच. घाटात सगळीकडे मोबाईलला नेटवर्क नसतं, आणि फ्लॅटबेडला फोनच लागला नाही तर घरच्यांसोबत अंधारात थांबावं लागतं. अशा वेळी डिकीतल्या एका बॅगेची जागा गेली तरी चालेल.

स्टेपनी वेगळी घेताना बोल्टची मापं आणि टायरचा आकार कंपनीकडूनच पक्का करा. जॅक आणि पानाही सोबत घ्या. चाक डिकीत सुटं ठेवू नका, घट्ट बांधा.

आजच मोबाईलमध्ये करा

- १०३३ (राष्ट्रीय महामार्ग हेल्पलाइन), रोडसाइड असिस्टन्स आणि ओळखीच्या पंक्चरवाल्याचा नंबर सेव्ह करा.
- असिस्टन्समध्ये फ्लॅटबेड मिळते का, आणि किती किमीपर्यंत, हे विचारून घ्या.
- घाटाचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा.
- मॅन्युअलमधलं जॅक लावायच्या जागांचं पान फोटो काढून ठेवा.

आणि एकदा अंगणात, उजेडात, चाक बदलून किंवा कंप्रेसर जोडून बघा. पावसात, टॉर्च तोंडात धरून पहिल्यांदा शिकण्यापेक्षा ते खूप सोपं जातं.