मोरचुदाच्या नळीपासून रक्ताच्या थेंबापर्यंत

मधुमेह्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे आपल्या वैद्यांनी फार प्राचीन काळीच ओळखले होते. ती गोडी साखरेची होय, हे इंग्लंडातील डॉक्टर मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली दाखविले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बेनेडिक्ट यांचा मोरचुदाचा निळा द्राव आला. वडीलधाऱ्या श्रोत्यांना ती परीक्षा आठवत असेल: नळीत लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा, आणि निळ्याचा हिरवा, पिवळा, अखेर विटकरी होणारा रंग. परीक्षा स्वस्त, खेड्यातही होण्याजोगी. पण तिच्यात एक घातक उणीव होती. रक्तातील साखर शंभर मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावाचून ती सहसा मूत्रात उतरत नाही. १९२२ पासून रुग्णांना इन्शुलिन मिळू लागले, तेव्हा साखर एकाएकी उतरण्याचे भयही आले. घाम फुटून थरथरणाऱ्या माणसाविषयी ती निळी नळी काय सांगणार? काहीच नाही.

१९६५ साली एम्स कंपनीची रक्तपरीक्षेची पट्टी निघाली. थेंब मिनिटभर ठेवावा, पाण्याने धुवावा, रंग तक्त्याशी ताडावा. पुढे रंग मोजणारे यंत्र आले, ते किलोहून जड आणि केवळ डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टीन या मधुमेही अभियंत्याने ते डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावे मिळविले व घरीच रक्त तपासू लागला. त्याचे म्हणणे वैद्यकमंडळी ऐकेनात, तेव्हा प्रौढ वयात तो स्वतःच डॉक्टर झाला! १९८७ साली विद्युत्प्रवाह मोजणारे, लेखणीएवढे यंत्र बाजारात आले.

उष्ण देशांत मात्र यंत्राची खरी कसोटी लागते. पट्टीवरचे किण्व उन्हाने व दमट हवेने बिघडते. डबीचे झाकण उघडे राहिले तरी आकडा फसवा येतो. रुग्ण रक्तक्षयाचा असेल, तर अनेक यंत्रे साखर वास्तवाहून अधिक दाखवितात. तरीही दूरच्या प्रयोगशाळेला ती नेहमीच हार जातात असे नव्हे. नळीत घेतलेल्या रक्तातील पेशी साखर खातच राहतात, उकाड्यात तर अधिक वेगाने. पोटभर प्रवास करून आलेला नमुना म्हणूनच खोटा ठरू शकतो.

खर्चाची गोष्ट निराळी. यंत्र एकदा घेतले की झाले, पट्टी दर वेळी नवी. रंगाच्या पट्ट्या होत्या तेव्हा काटकसरी रुग्ण त्या कात्रीने उभ्या चिरून दोन करीत. विजेच्या पट्टीला ती सोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली आवश्यक तपासण्यांची पहिली यादी केली, तेव्हा प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठीही रक्तशर्करेची परीक्षा तीत घातली.